अगर जिथनं येतं तिथे पाच दिवस

दिवस पहिला

बावीस वर्षं मी मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये अगरच्या प्लेट्स ओततेय, म्हणजे जंतू वाढवायला बशांमध्ये जेलीचा थर. ऑटोक्लेव्हमधनं, म्हणजे लॅबच्या कुकरमधनं, फ्लास्क काढायचा, तो निवत ठेवायचा, आणि सोसवेल इतका गरम राहिलाय का ते मनगटाला लावून बघायचं. थर्मामीटर असतो हो, पण मनगट जास्त भरवशाचं. पंचेचाळीसच्या फार खाली जाऊ दिलं तर फ्लास्कमध्येच गोठतं आणि मग पुन्हा वितळवत बसा. एवढी वर्षं ज्या पदार्थाशी रोजचा संबंध, तो येतो कुठनं विचारलं तर 'लाल समुद्री शेवाळापासून' हे परीक्षेतलं उत्तर पाठ होतं, डोळ्यांनी मात्र कधी काही पाहिलेलं नव्हतं.

माझी थोरली नणंद, आम्ही सगळे ताई म्हणतो त्यांना, बॉटनी शिकवून रिटायर झाल्यात. त्यांनीच एके दिवशी फोन केला, "अगं तुझं ते अगर जिवंत बघायचंय का? चल मंडपमला." रामेश्वरच्या अलीकडचं शेवटचं मोठं गाव म्हणजे मंडपम, तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात. ताईंनी कॅलेंडर काढून अमावस्या धरली, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी चढतंही जास्त आणि सुकतीला मागेही जास्त सरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीला, जाऊन काही उपयोग नाही. एकदम शास्त्रशुद्ध प्लॅनिंग. फक्त माघ अमावस्येच्या तोंडावर महाशिवरात्र असते आणि अख्खा देश रामेश्वरला निघालेला असतो हे दोन शिकल्यासवरलेल्या बायकांच्या डोक्यात आलं नाही. मदुराईपासनं गाडीत पाय ठेवायला जागा नाही, रामेश्वरात खोली मिळणं अशक्य, शेवटी मंडपममध्येच एका साध्या लॉजवर वरच्या मजल्याची खोली मिळाली, ते एका अर्थी बरंच झालं.

मंडपमची गंमत अशी की जमीन इथे जिभेसारखी निमुळती होत गेलीय, उत्तरेला पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेला मन्नारचं आखात. ऑटोने काही मिनिटांत एका समुद्रावरून दुसऱ्या समुद्रावर. ईशान्य मोसमी वारा असताना पाल्कची बाजू खवळलेली आणि मन्नारची शांत, नैऋत्य वारा सुरू झाला की बरोबर उलटं. इथले लोक वाऱ्याप्रमाणे बाजू बदलतात.

संध्याकाळी मन्नारच्या बाजूला फिरायला गेलो तर वाळूत शेवाळाची रांगच्या रांग वाहून आलेली. मी खाली वाकून लाल काही दिसतंय का शोधतेय. माझ्या मनात लाल म्हणजे कुंकवासारखं लाल. प्रत्यक्षात तिथे जांभळट, चॉकलेटी, ऑलिव्हसारखं, आणि बरंचसं गवतासारखं पिवळं पडलेलं. मी म्हटलं, "ताई, यातलं लाल कुठलं?" तर त्यांनी चार-पाच गुच्छ उचलले, एक पिवळा, एक जांभळा, एक जवळजवळ हिरवा, आणि म्हणाल्या, "हे सगळे."

त्याचं कारण त्यांनी वाळूतच बसून समजावलं. लाल शेवाळात हरितद्रव्य असतंच, पण त्याच्यावर फायकोएरिथ्रिन नावाच्या लाल रंगद्रव्याचं पांघरूण असतं. पाण्यात जसजसं खोल जावं तसा तांबडा प्रकाश आधी संपतो, निळा-हिरवा उरतो, आणि हे रंगद्रव्य नेमका तोच शोषून पुढे हरितद्रव्याकडे ढकलतं. त्यामुळे जिथे दुसरं काही जगणार नाही तिथे यांचा संसार चालतो. १९८४ मध्ये बहामाजवळ पाणबुडीतनं २६८ मीटर खोलीवर दगडाला चिकटलेलं जांभळं चुनखडी शेवाळ सापडलं, तिथे वरच्या उजेडाचा लाखात अर्धा हिस्सासुद्धा धड पोचत नाही. उलट आमच्यासारखं किनाऱ्यावर भर उन्हात राहणारं असलं की लाल रंग कमी पडतो, मग ते तपकिरी नाहीतर हिरवट दिसतं. आणि मेल्यावर रंगद्रव्य धुऊन जातं, उरतं ते पिवळं-पांढरं. म्हणजे रंगावरून लाल शेवाळ ओळखायला जाल तर फसाल. नाव कुणी ठेवलं कोण जाणे.

रात्री खोलीवर ताईंनी बॅगेतनं जाड कागद, जुन्या ओढणीचे तुकडे आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला. वाळूतनं उचललेला हिप्नियाचा एक ताजा गुच्छ होता. हे शेवाळ कसं ओळखायचं तर फांद्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात, स्वेटर विणायच्या क्रोशाच्या सुईसारखी, त्या आकड्यांनी ते दुसऱ्या शेवाळाला धरून राहतं. ताईंनी लॉजच्या ट्रेमध्ये पाणी घेतलं, कागद पाण्याखाली सरकवला, वर शेवाळ तरंगत सोडलं आणि दाभणाने एकेक फांदी मोकळी करत कागद हळूच वर उचलला. वर ओढणीचा तुकडा, वर पेपर, आणि सगळं गादीखाली. "यावर झोप आता," म्हणाल्या.

दिवस दुसरा

सकाळी सुकतीला खडकांवर. इथली ओहोटी कोकणासारखी नाही हं, आपल्याकडे पाणी पार लांब जातं, इथे फरक हात-दीड हाताचा. पण तेवढ्यानेही मेलेल्या प्रवाळाचा सपाट पट्टा उघडा पडतो आणि त्यात लहान लहान डबकी. समोर बेटं दिसत होती. मन्नारच्या आखातात रामेश्वर ते तुतिकोरिनपर्यंत २१ बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८६ पासून, परवानगीशिवाय तिथे जायचं नाही आणि काही उपटायचं तर नाहीच, त्यामुळे आम्ही आपल्या या बाजूच्या किनाऱ्यावर. त्यातलं कुरुसडै बेट शेवाळवाल्यांचं काशी-विश्वेश्वर म्हणायला हरकत नाही. भारतीय शैवालशास्त्राचे जनक एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९२७ मध्ये तिथल्या वनस्पतींवर लिहिलं, त्याच सुमारास डेन्मार्कचे बर्गेसन भारतात शेवाळं गोळा करत फिरत होते, आणि त्यांनीच पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या शेवाळांची यादी छापली. ताई ही नावं घेतात तेव्हा आवाज जरा खाली येतो त्यांचा, जुन्या सरांबद्दल बोलल्यासारखा.

डबक्यात बसून ताईंनी ग्रॅसिलारियाचा एक जुडगा दाखवला, शेवयांसारखे लांब, रबरी, गोल दोरे. हातातलं भिंग दिलं. दोऱ्यांवर मोहरीएवढे फुगवटे. मला वाटलं रोग आहे. "रोग नाही गं, बाळंतपण आहे," ताई म्हणाल्या.

आणि मग जे सांगितलं ते मी कॉलेजात नक्की शिकले असणार, पण तेव्हा फक्त मार्कांपुरतं. लाल शेवाळाचं एक मोठं वेगळेपण म्हणजे यांच्या कुठल्याच पेशीला, कुठल्याच अवस्थेत, पोहायला शेपूट नसते. नराची बीजं पाण्यात सुटतात आणि वाहवत जातात, मादीच्या पेशीला एक बारीक केस असतो, त्याला चिकटली तर चिकटली. इतक्या बेभरवशाच्या लग्नात एक जरी जमलं तरी ते पुरेपूर वापरायला हवं, म्हणून मग मादीच्या अंगावरच एक तिसरी पिढी वाढते, हे मोहरीएवढे फुगवटे म्हणजे तीच. आईच्या जिवावर पोसलेली, आणि एका मिलनातनं ढिगाने बीजाणू सोडणारी. त्या बीजाणूंपासून परत वेगळं शेवाळ येतं, जे दिसायला हुबेहूब आईबापांसारखं पण आतनं निराळं, त्यातनं बीजाणू येऊन पुन्हा नर-मादी. तीन पिढ्यांचा फेरा. मला दोनदा विचारावं लागलं, लाजायचं काय त्यात.

बरं, वाहवत जाण्यातही एक भानगड निघालीय. २०२२ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी दाखवलं की ग्रॅसिलारियावर फिरणारे आयडोटिया नावाचे चिमुकले किडे नराची बीजं अंगाला चिकटवून मादीपर्यंत नेतात. म्हणजे फुलांवर मधमाशी करते तेच काम. त्या बदल्यात त्यांना आसरा मिळतो आणि शेवाळावरची डायटम नावाची बारीक एकपेशीय शेवाळं खायला मिळतात. फुलझाडं पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधीपासून ही शेवाळं आहेत, त्यामुळे हे दळणवळण नेमकं किती जुनं असेल हा विचार करत राहावं. कॅनडात सापडलेले लाल शेवाळाचे जीवाश्म शंभर कोटी वर्षांपूर्वीचे, आणि २०१७ मध्ये आपल्या चित्रकूटच्या खडकात जे सापडलं ते लाल शेवाळच असेल तर १६० कोटी वर्षांपूर्वीचं. चित्रकूट! मी म्हटलं रामाने इकडे रामेश्वरला येताना वाटेतच पाहिलं असणार. ताई हसल्या नाहीत.

याच डबक्यांच्या कडेला गुलाबी रंग सांडल्यासारखे दगड होते. तेही लाल शेवाळच, चुनखडीचं कवच करणारं, प्रवाळाचे सुटे तुकडे एकमेकांना सांधणारं गवंडी. ते बघायला मी पुढे सरकले आणि शेवाळलेल्या दगडावरून सरळ खाली. कोपर सोलपटलं, मोबाईल डबक्यात. मोबाईल वाचला, कोपराची आग दोन दिवस राहिली, आणि 'शेवाळावरून घसरणे' हा वाक्प्रचार मी प्रात्यक्षिकासह समजून घेतला.

दुपारी कोपराला मलम लावून खोलीत पडले होते तर ताईंनी कॅथलीन ड्र्यू-बेकरची गोष्ट काढली. या इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या बाई. जपानात नोरी नावाच्या लाल शेवाळाचा मोठा व्यवसाय, पण शेवाळ उन्हाळ्यात जातं कुठे आणि हिवाळ्यात येतं कुठनं हेच कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी पीक आलं तर आलं. या बाईंनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की शिंपल्यांच्या आत वाढणारी जी गुलाबी तंतूंची वेगळीच जात समजली जात होती, ती वेगळी जात नाहीच, ते याच जातकुळीतल्या शेवाळाचं दुसरं रूप आहे. बस, जपानी लोकांनी शिंपल्यांवर बीज वाढवायला सुरुवात केली. १९५७ मध्ये त्या गेल्या, जपान कधी पाहिलाच नाही, आणि १९६३ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी समुद्राकाठी त्यांचं स्मारक उभारलं. शिंपल्यात राहणारा आणि पाण्यात डुलणारा जीव एकच, हे ओळखायला काय नजर लागत असेल.

दिवस तिसरा

याच दिवसासाठी आले होते मी.

ऑटोवाल्या दादांना रामेश्वरच्या यात्रेकरूंमुळे कामापुरतं हिंदी येत होतं. ते आम्हाला पांबनच्या अलीकडच्या एका वस्तीत घेऊन गेले. होडीतनं बायका उतरत होत्या, सात-आठ जणी, साडीवर पुरुषी शर्ट, डोळ्यांना पोहण्याचे गॉगल, कमरेला जाळीची पिशवी. या बायका बुडी मारून, श्वास रोखून, हाताने शेवाळ खुडतात. खडक आणि प्रवाळ सुरीसारखं, म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. एकीने चिंधी सोडली तर बोटांची कातडी पाण्याने पार सुरकुतलेली आणि आडव्या-उभ्या बारीक रेघा, काही जुन्या पांढऱ्या, काही ताज्या. माझ्या कोपराची मला लाज वाटली.

वाळूत ताडपत्री अंथरून त्यावर पिशव्या रिकाम्या झाल्या आणि निवडणं सुरू. तांदूळ निवडावे तसं. एक मावशी बसल्या होत्या, त्या एकेक झुबका उचलायच्या, मुळाशी चिकटलेला प्रवाळाचा खडा नखाने उडवायच्या, तपकिरी पानं बाजूला भिरकवायच्या. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले आणि नावं विचारली. तमिळमध्ये शेवाळाला पासी म्हणतात. ग्रॅसिलारिया एडुलिस म्हणजे कंजी पासी, कारण त्याची पेज करायचे. आणि बारीक, पिसासारखी काळपट जांभळी फांदी होती ती दाखवून त्या म्हणाल्या, "मरिकोळुंदु." ऑटोवाल्या दादांनी वास घेतल्यासारखं करून सांगितलं, वो खुशबूवाला पौधा होता है ना, मंदिर में चढाते हैं. दवणा! आपला जोतिबाला वाहतात तो दवणा. दिसायला खरंच तसं, वासाला मात्र समुद्र. त्याचं शास्त्रीय नाव जेलिडिएला असेरोसा, आणि भारतात लॅबच्या दर्जाचं अगर करतात ते मुख्यतः यापासून. कंजी पासीचं अगर थोडं मऊ, ते खाण्याच्या कामाला.

म्हणजे हेच ते. मी तो झुबका हातात धरून जरा वेळ गप्पच बसले. बावीस वर्षं पांढरी पूड डब्यातनं चमच्याने काढून वजन करत आले. आमच्या डब्यातली पूड इथलीच असेल असंही नाही म्हणा, जगातलं लॅबचं अगर बरंचसं जेलिडियम नावाच्या शेवाळापासून, आणि ते मोरोक्कोहून. मोरोक्कोने काढणीवर मर्यादा आणल्यावर २०१५ मध्ये जगभर लॅबवाल्यांची पळापळ झाली होती. म्हणजे अजूनही, इतकी प्रगती होऊन, दवाखान्यातली लघवीची कल्चर टेस्ट कुठल्यातरी समुद्रातनं कुणीतरी शेवाळ काढतंय यावर अवलंबून आहे.

आणि याला पर्याय का नाही सापडला? कारण अगरचा स्वभावच तसा आहे. वितळायला पंच्याऐंशीच्या आसपास तापमान लागतं, आणि गोठतं मात्र बत्तीस ते चाळीसच्या मध्ये. एकदा गोठलं की सदतीस अंशाच्या इनक्युबेटरमध्ये रात्रभर ठेवा, ढिम्म हलत नाही. शिवाय बहुतेक जंतूंना ते पचत नाही. १८८१ च्या सुमाराला जंतुशास्त्राचा पाया घालणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये जिलेटिन वापरायचे, ते उबेत पातळ व्हायचं नाहीतर जंतूच खाऊन टाकायचे. वाल्टर हेसे नावाचा डॉक्टर वैतागलेला, तर त्याची बायको फॅनी म्हणाली, माझी जेली उन्हाळ्यात वितळत नाही, तीत अगर घालते मी. जावात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून शिकलेली युक्ती होती ती. कॉखने १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूवर लिहिताना अगरचा उल्लेख केला, फॅनीचा नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर लाल शेवाळाने वैद्यकाला दिलेली सगळ्यात मोठी देणगी हीच, बाकी कॅप्सूल-बिप्सूल नंतर.

मावशींशी बोलताना कळलं की रोज नाही जात त्या, अमावस्येच्या आसपास काही दिवस आणि पौर्णिमेच्या आसपास काही दिवस, असे महिन्याकाठी बाराएक दिवस. तेवढ्या मधल्या वेळात पासी परत वाढते. बेटांभोवती उद्यान झाल्यावर या बायकांची वनखात्याशी बरीच वर्षं ओढाताण चालली, शेवटी काढायचे दिवस आणि पद्धत यावर त्यांनी स्वतःच मर्यादा घातल्या. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्तींना यासाठी सीकॉलॉजी या पर्यावरण संस्थेचा २०१५ चा पुरस्कार मिळाला. निघताना मावशींनी वाळलेल्या कंजी पासीची एक मूठ माझ्या ओढणीत टाकली. पैसे देऊ केले तर हातानेच झटकले.

संध्याकाळी दुसऱ्या समुद्रावर, पाल्कच्या बाजूला. इकडे शेती. बांबूचे चौकोनी तराफे, बारा बाय बारा फुटांचे, त्यात आडव्या दोऱ्या आणि दोऱ्यांना बांधलेले कप्पाफायकसचे तुकडे, खाली माशांनी खाऊ नये म्हणून जाळं. पंचेचाळीस दिवसांत काढणी. हे इथलं नाही, मूळ फिलिपिन्सकडचं, भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने १९८४ मध्ये जपानहून बेणं आणलं, आधी गुजरातेत ओख्याला वाढवलं, १९९५ मध्ये मंडपमला. पुढे पेप्सी कंपनीने शेती करवून घ्यायला सुरुवात केली म्हणून लोक याला चक्क पेप्सी पासी म्हणतात. यापासून कॅरॅजीनन निघतं, जे टूथपेस्टमधलं पाणी वेगळं होऊ देत नाही आणि आईस्क्रीम गुळगुळीत ठेवतं.

पण ताईंचा चेहरा इथे जरा गंभीर. एक तर हे सगळं तुकडे तोडून लावलेलं, केळीच्या मुनव्यांसारखं, म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. पाणी तापलं की फांद्या पांढऱ्या पडून गळतात, आइस-आइस म्हणतात त्याला, आणि एक पडलं की सगळी पडतात. दुसरं म्हणजे २००८ मध्ये कुरुसडैच्या जिवंत प्रवाळावर हे चढून बसल्याचं संशोधकांनी छापलं. किती पसरलं यावर नंतर वादावादी झाली. पण भारतात लाल शेवाळाच्या स्वतःच्याच ४३४ जाती नोंदल्यात, तपकिरी आणि हिरव्या मिळूनही तेवढ्या भरत नाहीत, आणि शेती करायला मात्र बाहेरची एक. तराफ्यावरच्या बाईंना हे सांगायला काय जातं आपलं, त्यांचं घर चालतं त्यावर, म्हणून आम्ही आपसातच बोललो.

दिवस चौथा

वारा सुटला, पाणी गढूळ, कुठे जायचं नाव नाही. तेव्हा मी लॉजच्या इलेक्ट्रिक किटलीत कंजी पासी शिजवायचा घाट घातला. मूठभर पासी आधी रात्रभर पाण्यात भिजवली होती, वाळू धुतली, मग किटलीत. आता ती किटली पाणी उकळलं की टक्कन बंद पडते आणि शेवाळाला हवी तासभर उकळी, त्यामुळे एक जण बटण दाबून बसलेली. खोलीभर बंदराचा वास. दोनदा उतू गेलं. पण एक गोष्ट फार सुंदर दिसली: ताजा एक दोरा मी मुद्दाम बाजूला घेऊन गरम पाण्यात टाकला, तर जांभळा रंग पाण्यात उतरला आणि दोरा डोळ्यांदेखत हिरवागार. खालचं हरितद्रव्य उघडं पडलं. पहिल्या दिवशीचं लेक्चर एका मिनिटात.

ओढणीतनं गाळून स्टीलच्या ग्लासात ओतलं आणि गोठायची वाट बघत औषधांवर गप्पा. कारण आमच्या नात्यातल्या एका काकांनी फॅमिली ग्रुपवर 'सी मॉस'चा, म्हणजे खायच्या लाल शेवाळाचा, फॉरवर्ड टाकला होता, ब्याण्णव खनिजं, थायरॉइड बरा, सांधे बरे, सगळंच बरं. ताई म्हणाल्या खनिजं असतील, पण आयोडीन कुठल्या गुच्छात किती याचा नेम नसतो, आणि थायरॉइडवाल्याने नेमकं हेच अंदाजपंचे खाऊ नये.

खरं काय आहे ते मला लॅबवालीला जास्त मजेचं वाटतं. जपानात डायजेनिया नावाचं लाल शेवाळ जंतांवर शतकानुशतकं देत आले. १९५३ मध्ये त्यातलं कायनिक आम्ल वेगळं काढलं, ते जंताच्या मज्जातंतूंना इतकं उत्तेजित करतं की त्याची पकड सुटते. आज तेच आम्ल उंदरांना मुद्दाम फिट आणून अपस्माराचा अभ्यास करायला वापरतात. कॅरॅजीननचंही तसंच, १९६२ पासून उंदराच्या पंजात ते टोचून सूज आणायची आणि मग सूज उतरवायचं औषध तपासायचं अशी पद्धत आहे. म्हणजे सूज कमी करणाऱ्या कितीतरी गोळ्यांच्या जन्माला लाल शेवाळ हजर, पण सूज आणणारं म्हणून!

विषाणूंवर तर या गोष्टी काचेच्या नळीत कमाल करतात. कॅरॅजीननवर सल्फेटचे ऋणभारित गट असतात, ते विषाणूला चिकटून बसतात आणि त्याला पेशीच्या दारापर्यंत पोचू देत नाहीत. यावरून एचआयव्ही रोखणारं जेल केलं, दक्षिण आफ्रिकेत ६२०२ बायकांवर मोठी चाचणी झाली आणि २००८ मध्ये निकाल आला. जेलवाल्यांत दर शंभर बायकांमागे वर्षाला ३.३ जणींना लागण, नुसत्या जेलसारख्या दिसणाऱ्या पदार्थात ३.८. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. आणि जेल वापरलं गेलं होतं शरीरसंबंधांच्या निम्म्याहून कमी वेळा. प्लेटवर औषधाभोवतीचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेला पट्टा, मोठा आला म्हणून पेशंट बरा होत नाही हे आम्ही रोज बघतो, त्याचंच मोठं रूप. कॅरॅजीननच्या नाकातल्या स्प्रेचं मात्र जरा आशादायक आहे, २०२१ मध्ये अर्जेंटिनात कोविडच्या काळात ३९४ आरोग्य कर्मचाऱ्यांत स्प्रेवाल्या १९६ पैकी २ जणांना लागण झाली, दुसऱ्या गटातल्या १९८ पैकी १० जणांना. चांगलंय, पण २ आणि १० या आकड्यांवर मी तरी फार उड्या मारणार नाही. माझी आशा आहे ती ग्रिफिथसिनवर. न्यूझीलंडच्या समुद्रातल्या ग्रिफिथसिया शेवाळातलं हे १२१ अमिनो आम्लांचं प्रथिन, २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, विषाणूच्या अंगावरच्या साखरेला घट्ट धरतं आणि अगदी कणभर पुरतं. आणि ते मिळवायला समुद्र ओरबाडायला नको, तंबाखूच्या झाडात जनुक घालून पिकवता येतं. शेवाळाने युक्ती सांगायची, काम दुसऱ्याने करायचं, हे मला पटतं.

आणि ज्यांना वाटतं नैसर्गिक म्हणजे निर्धोक त्यांच्यासाठी ग्वाम बेटाचं उदाहरण. १९९१ मध्ये तिथे नेहमीचं खाण्यातलं ग्रॅसिलारिया खाऊन १३ जण आजारी पडले आणि ३ दगावले.

संध्याकाळी ग्लास उलटा केला. अगर हळूहळू, नाइलाजाने, गळून ताटलीत बसलं. गोठलेलं होतं, पण गिळगिळीत. यावर जंतू पसरवायची तारेची लूप फिरवायला गेले तर नांगरट होईल. ताईंनी सांगितलं की ग्रॅसिलारियात सल्फेट जास्त म्हणून जेल लेचापेचा, कारखान्यात आधी कॉस्टिक सोड्यात तापवून सल्फेट काढतात मग घट्टपणा येतो. किटलीत कॉस्टिक सोडा घालायची परवानगी ताईंनी दिली नाही. किटली घासून घासून दिली तरी लॉजच्या मॅनेजरने वास घेऊन आमच्याकडे जे पाहिलं त्याला भाषांतराची गरज नव्हती.

दिवस पाचवा

एवढं आलोय तर म्हणून सकाळी धनुष्कोडी. पांबनच्या रस्त्याच्या पुलावरून २०२५ चा नवा, मधला भाग वर उचलणारा रेल्वेपूल दिसतो, आणि पुढे १९६४ च्या वादळात गेलेल्या गावाचे अवशेष. गर्दी फार, ऊन फार, फोटो काढून परत.

दुपारी खोली सोडायच्या आधी गादी उचलली. रोज पेपर बदलत होतो, आज ओढणीचा तुकडा काढायचा होता. ताईंनी एका कोपऱ्यातनं तो हलकेच सोलत आणला. मला वाटलं शेवाळ त्याच्याबरोबर येणार. कापड आलं, शेवाळ कागदावरच. एकेक आकडा जागच्या जागी, गुलाबी-जांभळा, पेनने काढल्यासारखा. "डिंक कधी लावलात?" मी विचारलं. "डिंक कशाला, तो तिच्याच अंगचा," असं म्हणून ताईंनी खाली कोपऱ्यात पेन्सिलने नाव, गाव, तारीख लिहिली आणि कागद माझ्या हातात दिला. मी तो बाल्कनीत नेऊन उलटा धरला आणि कालच्या ग्लाससारखा हलवून बघितला. काही पडलं नाही.